उजाड जगातील मोहिमा : ‘फॉलआउट’ खेळमालिकेच्या तौलनिक विचाराची प्रस्तावना

‘फॉलआउट’ ही अणुयुद्धात बेचिराख झालेल्या अमेरिकेत घडणारी संगणकीय खेळांची मालिका असून तिचा पहिला भाग १९९७ साली इंटरप्ले या अमेरिकी कंपनीने काढला. मालिकेच्या कल्पित इतिहासात २३ ऑक्टोबर २०७७ रोजी महायुद्ध होते, काही तासांत शहरे भस्मसात होतात, आणि मागे उरतात ती जमिनीखालच्या ‘व्हॉल्ट’ नावाच्या बंदिस्त निवाऱ्यांत शिरलेली काही माणसे आणि बाहेर किरणोत्सर्गात होरपळूनही तगलेले काही जीव. या उरलेल्यांनी पुढच्या दोन शतकांत पाणी कसे मिळवले, वस्त्या कशा उभारल्या, कोणाचे राज्य मानले आणि कोणाचे झुगारले, हा मालिकेचा विषय आहे. खेळणाऱ्यापुढे तो सलग गोष्टीपेक्षा सोपवलेल्या कामांच्या रूपाने अधिक येतो. या कामांना खेळाच्या परिभाषेत ‘क्वेस्ट’ म्हणतात. प्रस्तुत विवेचनात त्यांना ‘मोहीम’ म्हटले आहे. मालिकेतील भागांची तुलना चित्रांची सफाई, नकाशाचा विस्तार किंवा शस्त्रांची विविधता यांवरून नेहमी होते. येथे ती केवळ मोहिमांच्या रचनेवरून केली आहे, कारण खेळाचा कर्ता माणसाविषयी आणि समाजाविषयी काय मानतो, हे त्याने खेळणाऱ्यावर सोपवलेल्या कामांत सर्वांत स्पष्ट दिसते.

विवेचनात शिरण्यापूर्वी दोन-तीन संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणजे ज्यात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, त्याचे गुणावगुण आरंभी स्वतः ठरवतो आणि खेळाच्या ओघात ते वाढवत नेतो, असा भूमिकाप्रधान खेळ. ‘फॉलआउट’मध्ये हे मूलभूत गुण सात आहेत : बळ, निरीक्षणशक्ती, चिवटपणा, लोकांवर छाप पाडण्याची हातोटी, बुद्धी, चपळाई आणि नशीब. हे गुण केवळ लढाईपुरते नसतात. बुद्धी अगदी कमी ठेवलेले पात्र पहिल्या दोन भागांत धड वाक्यही बोलू शकत नाही, त्यामुळे गावोगावचे लोक त्याच्याशी वेगळ्या रीतीने वागतात आणि कित्येक मोहिमा त्याच्या वाट्यालाच येत नाहीत. जी पुरी केल्याशिवाय कथानक शेवटाला जात नाही ती ‘मुख्य मोहीम’, आणि वाटेतल्या वस्त्यांतून मिळणारी, करणे न करणे खेळणाऱ्याच्या मर्जीवर असलेली ती ‘उपमोहीम’, असा भेद येथे पाळला आहे.

मोहिमेचे मोल ठरवताना तीन प्रश्न विचारले आहेत. मोहीम कोणासाठी आहे, म्हणजे तिचे फळ एकट्या नायकाच्या पदरात पडते की एखाद्या वस्तीच्या? ती तडीस नेण्याच्या वाटा किती आणि त्या वाटांमध्ये खरा फरक आहे का? आणि काम झाल्यावर नायकाकडे त्याच्या कृत्याचा हिशेब कोण मागतो? हे प्रश्न संगणकाच्या युगाने प्रथम विचारलेले नाहीत. आदिलाबादच्या भूमीत ते पिढ्यान्‌पिढ्या विचारले गेले आहेत, आणि या पट्ट्यातील मराठी वाचकासमोर हा विषय मांडताना तेथूनच आरंभ करणे उचित ठरते.

आदिलाबाद हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत त्यातील किनवट आणि राजुरा हे मराठी भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले, तर ऑक्टोबर २०१६मध्ये तेलंगणाने उरलेल्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे केले. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर तेलुगू, मराठी आणि गोंडी एकमेकींत मिसळतात, आणि या मिश्रणाचे ठळक उदाहरण म्हणजे येथील परधान समाज. परधान हे राज गोंडांचे परंपरागत गाथागायक. त्यांची घरची बोली मराठी, परंतु किकरी या तंतुवाद्यावर ते यजमान कुळाची गाथा गातात ती गोंडीत. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात या भागात राहून केलेल्या अभ्यासाचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याचा मोठा भाग या गाथांना आणि त्यांच्याशी जोडलेल्या विधींना वाहिलेला आहे.

या गाथांच्या मुळाशी गुहेत कोंडल्या गेलेल्या आणि तेथून सुटलेल्या पूर्वजांची कथा आहे. गोंडांचे आदिदेव महादेवाच्या रोषाने गुहेत बंद होतात. पहांदी कुपार लिंगाल हा संस्कृतिपुरुष त्यांना सोडवतो आणि जंगुबाई ही देवी या कार्याशी निगडित आहे. सुटल्यावर लिंगाल त्यांची चार, पाच, सहा आणि सात देवांच्या कुळांत विभागणी करतो, त्यांना विवाहाचे आणि पूजेचे नियम घालून देतो. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा याच कथेशी जोडली जाते आणि माघी पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. आसिफाबाद जिल्ह्यात महाराष्ट्राच्या सीमेवर जंगुबाईचे गुहास्थान आहे. बंदिस्त जागेतून बाहेर पडलेल्या माणसांनी नवा समाज कसा रचावा, हा प्रश्न अमेरिकेतील खेळकर्त्यांना सुचण्याच्या कितीतरी आधी या डोंगरांत गायला जात होता.

त्याच कथेचे नागपूरकडील एक रूप स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने मिळवले होते आणि त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल याने ते १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यातील एक प्रसंग मोहिमेच्या रचनेचा उत्तम नमुना आहे. कोंडलेल्या गोंडांना सोडण्याच्या बदल्यात महादेव लिंगोला (लिंगालचे या रूपातील नाव) समुद्रतीरी राहणाऱ्या बिंदो नावाच्या काळ्या पक्ष्याची पिले आणायला सांगतो. लिंगो घरट्यापाशी पोहोचतो तेव्हा पिलांचे आईबाप चारा आणायला गेलेले असतात. पिले उचलून चालू लागावे तर काम तत्काळ फत्ते होणार. पण पाठीमागे नेली तर ती चोरी ठरेल, असा विचार करून तो थांबतो. थांबल्यामुळेच पिले गिळायला आलेला भुजंग त्याच्या दृष्टीस पडतो, तो त्याला मारतो, आणि परतलेले पक्षी कृतज्ञतेने पिलांसह त्याला पाठीवर घेऊन महादेवाकडे पोहोचवतात. काम दुसऱ्याने नेमून दिलेले, फळ समाजासाठी, सोपी आणि सन्मार्गी अशा दोन वाटा समोर, आणि निवडलेल्या वाटेतूनच पुढचा प्रसंग जन्माला येतो : वर मांडलेल्या तिन्ही प्रश्नांना या लहानशा प्रसंगात उत्तर मिळते. गोंड समाजासाठी ही गाथा श्रद्धेचा विषय आहे आणि संगणकीय खेळ करमणुकीचा, याचे भान ठेवूनच येथे तिचा आधार घेतला आहे. तुलना रचनेपुरती आहे, पावित्र्याची नाही.

‘फॉलआउट’चा पहिला भाग या मापाने पाहता मालिकेतील सर्वांत आटोपशीर आणि सर्वांत कठोर ठरतो. त्याची बीजे इंटरप्लेच्याच १९८८ सालच्या ‘वेस्टलँड’ या खेळात होती, आणि टिम केन याच्या पुढाकाराने त्याची घडण झाली. २१६१ साली १३ क्रमांकाच्या व्हॉल्टमधील पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची चिप निकामी होते, साठा १५० दिवस पुरणार असतो, आणि तेवढ्या मुदतीत नवी चिप आणण्यासाठी नायकाला बाहेर पाठवले जाते. मुदत खरी आहे. दिवस संपले की खेळही संपतो. पाण्याच्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन टँकरसारखी सोय लावली तर १०० दिवस वाढवून मिळतात, यापलीकडे सवलत नाही. चिप सापडते ती नेक्रोपोलिस या शहरात, जेथे किरणोत्सर्गाने विद्रूप झालेली, मालिकेत ‘घूल’ म्हणून ओळखली जाणारी माणसे राहतात. ती चिप उपसून आणली तर आपल्या व्हॉल्टचे पाणी वाचते पण त्यांचे तुटते. मोडलेला पंप आधी दुरुस्त करून दिला तर दोन्ही वस्त्या तगतात. दुरुस्तीची सक्ती कोणी करत नाही, तिच्यावाचून मुख्य मोहीम अडतही नाही, आणि म्हणूनच तो निर्णय खेळणाऱ्याचा स्वतःचा ठरतो. पुढे ‘मास्टर’ या प्रतिनायकालाही केवळ शस्त्राने हरवावे लागत नाही. त्याने घडवलेली उत्परिवर्तित प्रजा वंध्य आहे, तिला वंश नाही, हे पुराव्यानिशी पटवून दिले तर तो स्वतःच स्वतःचा अंत करतो. एवढे सारे करून नायक घरी येतो तेव्हा व्हॉल्टचा प्रमुख त्याचे आभार मानतो आणि दारातूनच परत पाठवतो, कारण त्याला पाहून तरुण मंडळी बाहेर पडतील ही भीती त्याला असते. केसलापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेस्राम कुळाचे लोक हस्तिनामडुगूपर्यंत अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, आणि पुष्य अमावास्येला त्या पाण्याने पूजा होते तेव्हा आणणाऱ्यांचे कुळातील स्थान अधिक दृढ होते. ‘फॉलआउट’च्या नायकाने आणलेले पाणी वस्ती घेते आणि त्याला मात्र बाहेर ठेवते, मालिकेचा कडवट स्वभाव या एका प्रसंगात ठरून गेला.

१९९८ सालच्या दुसऱ्या भागात ब्लॅक आइल स्टुडिओजने हीच रचना विस्तारली. मुख्य मोहीम पुन्हा वस्तू आणण्याचीच आहे, परंतु खरी भर पडली ती वस्त्यांमधील परस्परसंबंधांत. गेको या घूल लोकांच्या गावातील अणुवीजकेंद्र गळते आहे आणि त्या गळतीने शेजारच्या व्हॉल्ट सिटी या टापटिपीच्या, परक्यांना तुच्छ लेखणाऱ्या शहराचे भूजल दूषित होते आहे. शहराच्या अधिकाऱ्यांना त्रास मिटायला हवा, गेकोच्या कारागिरांना सुटा भाग हवा, आणि नायकाला शहराची मर्जी हवी. केंद्र दुरुस्त करता येते, अधिक कार्यक्षम करता येते किंवा उडवूनही देता येते, आणि खेळाच्या अखेरीस येणाऱ्या निवेदनात दोन्ही गावांचे पुढे काय झाले ते या निवडीनुसार बदलते. उपमोहीम आणि जगाचे भवितव्य यांची अशी सांगड घालणे ही या भागाची देणगी होय. चित्रपट आणि दूरदर्शनवरील थट्टामस्करीचा अतिरेक हा त्याचा दोष, ज्यामुळे गंभीर प्रसंगांचा पाया अनेकदा डळमळतो.

मालिकेचे हक्क २००७ साली बेथेस्डा या कंपनीने विकत घेतले आणि २००८ सालच्या ‘फॉलआउट ३’मध्ये वरून दिसणाऱ्या नकाशाच्या जागी नायकाच्या डोळ्यांनी पाहिलेले वॉशिंग्टन परिसराचे त्रिमित जग आले. येथे मोहिमेचे केंद्र निर्णयाकडून भटकंतीकडे सरकले, आणि हा बदल नीट समजून घेण्याजोगा आहे. या भागातील सर्वांत प्रसिद्ध मोहीम मेगाटन गावातील न फुटलेल्या अणुबॉम्बची : तो निकामी करावा किंवा एका धनिकाच्या हस्तकाकडून मोबदला घेऊन गाव उडवून द्यावे. दूरच्या गच्चीतून पाहिलेला तो स्फोट विसरता येत नाही, परंतु हिशेबाच्या बाजूने ही मोहीम अपुरी पडते. आकाशवाणीवरून निंदा होते, नायकाचे वडील निराशा बोलून दाखवतात, आणि गावातील दुकानदार मोइरा स्फोटातून विद्रूप होऊन वाचते तरी खेळणाऱ्याशी पूर्ववत व्यवहार करायला तयार असते. जपानी आवृत्तीत गाव उडवण्याची ही वाटच काढून टाकण्यात आली. भारतात तर मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००८मध्ये सांस्कृतिक संवेदनशीलतेचे मोघम कारण देऊन एक्सबॉक्स ३६०वरील हा खेळ न आणण्याचा निर्णय जाहीर केला. मालिकेतील दोन डोक्यांच्या गाईंना ‘ब्राह्मिन’ हे नाव असल्याने तेच कारण असावे असा तर्क तेव्हा झाला, कंपनीने मात्र तपशील दिला नाही. याच भागाच्या मूळ शेवटात जलशुद्धीकरण यंत्र सुरू करण्यासाठी कोणीतरी मरणे भाग होते, आणि किरणोत्सर्गाची बाधा न होणारा सोबती शेजारी उभा असूनही तो काम नाकारत असे. टीकेनंतर २००९ सालच्या पुरवणीत हा शेवट बदलण्यात आला. त्याग रचनेतून अपरिहार्य झाला नाही तर तो लादलेला वाटतो, हा धडा या प्रसंगाने दिला.

२०१० साली ऑब्सिडियन या संस्थेने केलेला ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा या विवेचनाच्या मते मालिकेतील मोहिमांचा कळस आहे. या संस्थेत दुसऱ्या भागाच्या कर्त्यांपैकी काही जण होते, आणि त्यांनी बेथेस्डाच्या त्रिमित जगात जुनी हिशेबाची पद्धत परत आणली. मोहावीच्या वाळवंटात हूव्हर धरणाच्या पाण्यावर आणि विजेवर ताबा कोणाचा, यावर अख्खे कथानक उभे आहे, आणि सीमेवरच्या नदीत दोन राज्यांचा वाटा असणे म्हणजे काय हे चनाका-कोरटा बंधाऱ्याची चर्चा ऐकलेल्या पैनगंगाकाठच्या वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. हेलिओस वन या सौरवीजकेंद्राची उपमोहीम जवळून पाहण्यासारखी आहे. केंद्र चालू केल्यावर वीज कोणाला द्यायची हे खेळणाऱ्याने संगणकावर निवडायचे असते : लष्करी तळ आणि श्रीमंतांच्या जुगारअड्ड्यांना, गरिबांच्या दोन वस्त्यांना, थोडी थोडी साऱ्या प्रदेशाला, अथवा कोणालाच न देता तिच्यावर एक संहारक अस्त्र चालवायचे. या वाटा तांत्रिकदृष्ट्या सारख्याच सोप्या आहेत. म्हणून खेळणारा निवडतो ती केवळ आपली न्यायबुद्धी. शिवाय प्रत्येक गटाकडे नायकाच्या सत्कृत्यांची आणि दुष्कृत्यांची नोंद वेगवेगळी राहते, एका रकान्यातील जमा दुसऱ्या रकान्यातील नावे खोडत नाही, आणि दोन्ही बाजूंनी मोठा झालेला माणूस त्या गटाला बेभरवशाचा वाटतो. तिसऱ्या भागात पापपुण्याची एकच बेरीज-वजाबाकी ठळक होती. येथे ती मागे पडून समाजाची स्मृती पुढे येते. या भागातही त्रुटी आहेत, प्रसिद्धीच्या वेळी तांत्रिक दोष पुष्कळ होते, आणि विकसनाला जेमतेम दीड वर्ष मिळाल्याच्या खुणा नकाशाच्या रिकाम्या कोपऱ्यांत दिसतात. परंतु मोहिमेच्या कसोटीवर त्याला तोड नाही.

२०१५ सालचा ‘फॉलआउट ४’ उलट्या टोकाला जातो. नायकाला आवाज मिळाला, पण त्याच्या बोलण्याचे पर्याय प्रत्येक वेळी चारच उरले, आणि त्यातील कित्येकांचा अर्थ होकार एवढाच. वस्ती वाचवण्याची कामे संगणक आपोआप घडवून पुन्हा पुन्हा सोपवतो, त्यामुळे मदत मागणाऱ्या गावाचे नावही लक्षात राहत नाही. त्याच वेळी स्वतःच्या हाताने घरे, विहिरी आणि शेते उभारण्याची सोय देऊन या भागाने समाजरचनेचा प्रश्न वेगळ्या अंगाने हाताळला, आणि हे श्रेय त्याला द्यायला हवे. २०१८ सालचा ‘फॉलआउट ७६’ अनेकांनी एकत्र खेळण्याचा आहे. आरंभी त्यात खेळणाऱ्यांखेरीज एकही जिवंत मनुष्यपात्र नव्हते, मृतांनी मागे ठेवलेल्या ध्वनिफिती ऐकून मोहिमा कराव्या लागत. ज्याच्यासाठी काम करायचे तो आधीच मेलेला असेल तर हिशेब मागणारा उरत नाही, ही उणीव इतकी जाणवली की एप्रिल २०२०मध्ये मोठ्या सुधारणेद्वारे जगात माणसे आणावी लागली.

या पाहणीतून निघणारा निष्कर्ष असा की मालिका काळाबरोबर सरळ रेषेत सुधारली किंवा बिघडली, असे म्हणता येत नाही. नायकाच्या पाठीमागे त्याला ओळखणारा, आठवणारा आणि जाब विचारणारा समाज ज्या भागांत आहे, त्यांतील मोहिमा अर्थपूर्ण ठरल्या. ज्या भागांत समाज केवळ पार्श्वभूमी झाला, त्यांत नकाशा कितीही मोठा असला तरी मोहिमा कामांची यादी बनल्या. परधानांच्या गाथाही कुळागणिक आणि प्रदेशागणिक बदलतात, तरीही प्रत्येक रूपात ऐकणारे कुळ समोर बसलेले असते, आणि त्यामुळे गायकाला पराक्रम सांगून थांबता येत नाही. त्या पराक्रमाने कोणते नियम आणि कोणती नाती लागू झाली, हेही सांगावे लागते. संगणकीय खेळांच्या कर्त्यांनी दोन-तीन दशकांच्या प्रयोगांतून जे पुन्हा शोधले, ते तत्त्व या गाथांत आधीपासून होते.

पुढील विवेचनाची मर्यादाही येथेच सांगितलेली बरी. त्यात मुख्य कथानकाच्या सहा भागांचाच विचार आहे. ‘फॉलआउट टॅक्टिक्स’ (२००१) हा युद्धतंत्रप्रधान खेळ, ‘फॉलआउट शेल्टर’ (२०१५) हा मोबाइलवरील खेळ आणि २०२४ची दूरचित्रवाणी मालिका त्यातून वगळली आहे, कारण त्यांत मोहिमेची रचना गौण आहे किंवा निवड प्रेक्षकाच्या हाती नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा पुराणकथांवर आधारलेला खेळ काढून दाखवल्यानंतर आपल्याकडील कथांवर खेळ होऊ शकतात का, हा प्रश्न उरलेला नाही. ते कोणत्या रचनेने व्हावेत हा प्रश्न उरला आहे. आदिलाबाद, चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेडच्या तरुण खेळकर्त्यांनी त्याचे उत्तर शोधताना ‘न्यू व्हेगास’ जरूर खेळावा, पण त्याआधी, यजमान कुळाची आणि गायकाची रीतसर अनुमती घेऊन, एखादी परधान गाथा पूर्ण ऐकावी, आणि तिच्या आधारे काही घडवले तर त्याचे श्रेय व मोबदला त्या गायकापर्यंत पोहोचवावा.